बोर्डिंग स्कूलच्या वेटलिस्टवर नाव आलंय, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आठवीत आहे. नववीसाठी अमेरिकेतल्या पाच खासगी बोर्डिंग स्कूलना अर्ज केले होते. १० मार्चला निकाल लागले: एका शाळेचा होकार, एका शाळेचा नकार आणि तीन ठिकाणी वेटलिस्ट. त्या तिघांतच तिची सगळ्यात आवडती शाळा आहे. मुलगी गप्प गप्प आहे. आईचं म्हणणं, शाळेच्या मागे लागायला हवं, दर आठवड्याला मेल करायला हवा. बाबांचं म्हणणं, विषय बंद करा, मिळालेली शाळा घ्या. १० एप्रिलपर्यंत होकारवाल्या शाळेला उत्तर द्यायचंय. काय करावं?

मी काही वर्षं अशाच एका शाळेच्या ॲडमिशन ऑफिसात काम केलं आणि आता पालकांना याच कामात मदत करते. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. होकार आलेल्या शाळेचा करार नीट वाचा आणि डिपॉझिट मुदतीत भरा. आवडत्या शाळेला मुलीने स्वतः लिहिलेलं एक पत्र जाऊ द्या. उरलेल्या दोन शाळांपैकी जिथे खरंच जायचं नाही तिथून नाव काढून घ्या. एवढं झालं की फोनची वाट बघणं हे घरातल्या कोणाचंही काम राहता कामा नये.

पहिला गैरसमज नंबराचा. वेटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वे येते: वेटिंग चौदा, मग नऊ, मग आरएसी. म्हणून पालकांचा पहिला प्रश्न असतो, "आमचा नंबर कितवा?" या शाळांत बहुतेक ठिकाणी नंबर नसतोच. ऑफिसातली मंडळी तो लपवत नाहीत, तशी क्रमवार यादीच केलेली नसते.

शाळा जागांपेक्षा जास्त मुलांना होकार पाठवते, कारण त्यातली बरीच मुलं दुसरीकडे जाणार हे तिला ठाऊक असतं. किती येतील याचा अंदाज मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून बांधतात. १० एप्रिल उलटला, करार आणि डिपॉझिट जमा झाले, की अंदाज बरोबर होता की चुकला ते कळतं. अपेक्षेपेक्षा जास्त मुलं आली, तर वेटलिस्टची फाइल उघडलीच जात नाही. उलट दोघींच्या खोलीत तिसरा पलंग कसा बसवायचा यावर बैठक होते. अशा बैठकांना मी बसलेय. त्या वर्षी वेटलिस्टवर कितीही गुणी मुलं असोत, त्यांचा विषयच निघत नाही.

आणि मुलं कमी आली तरी "सात जागा रिकाम्या" असा मोकळा आकडा कोणासमोर येत नाही. येतं ते असं: नववीच्या मुलग्यांच्या डॉर्ममध्ये, म्हणजे राहायच्या इमारतीत, तीन जागा, दहावीच्या मुलींच्या दोन, घरून ये-जा करणाऱ्यांत दोन, नववीच्या बोर्डिंगच्या मुलींत शून्य. संपलं. तुमच्या मुलीची फाइल कितीही उजवी असली तरी त्या वर्षी तिच्यासाठी जागा नाही, कारण मुलग्यांच्या डॉर्ममधला पलंग तिला देता येत नाही. समजा, नववीच्या मुलींतही दोन जागा निघाल्या. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणारी मुलगी यंदा पास होऊन चालली आहे. मुलींच्या आइस हॉकी संघाला गोलकीपर नाही. नवीन वर्गात एकाच भागातून आलेली मुलं आधीच फार झाली आहेत. आर्थिक मदतीच्या रकमेतलं काही उरलंय का? या सगळ्याला जी मुलगी जुळते तिच्या घरी फोन जातो. वेटलिस्ट मुद्दाम लांबलचक ठेवतात ती याचसाठी. कोणत्या प्रकारची जागा रिकामी होईल हे मार्चमध्ये कोणालाच माहीत नसतं, म्हणून सगळ्या प्रकारची मुलं हाताशी लागतात.

त्यामुळे "तिच्यात नेमकं काय कमी पडलं?" या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसतं. ज्या मुलांना ही शाळा झेपणार नाही असं वाटतं त्यांना सहसा सरळ नकार जातो. वेटलिस्टवरची बहुतेक मुलं तिथे शिकू शकतील अशीच असतात. त्यातल्या त्यात नववी हा या शाळांचा सगळ्यात मोठा प्रवेशवर्ग, त्यामुळे तिथे थोडी तरी हालचाल होते. दहावीत जागा कमी, अकरावीत आणखी कमी आणि बारावीला नवीन मुलं फारच थोडी घेतात.

एक कडू गोष्टही सांगून ठेवते. काही वेटलिस्टी म्हणजे सभ्य शब्दांतला नकार असतो. मोठा भाऊ तिथे शिकतोय, आई तिथली माजी विद्यार्थिनी आहे, वडील शिक्षकांच्या ओळखीचे आहेत. अशा घरी सरळ "नाही" कळवणं शाळेला अवघड जातं, मग वेटलिस्ट येते. तुमचं तसं काही नातं नसेल तर ही शंका मनातून काढून टाका. असेल तर मुलीच्या सध्याच्या शाळेतल्या कौन्सेलरला एक फोन करायला सांगा. कौन्सेलरने दोनच गोष्टी विचारायच्या: मागच्या वर्षी नववीच्या मुलींत वेटलिस्टवरून कोणाला घेतलं होतं का, आणि या मुलीच्या फाइलमध्ये आणखी काही बघायला आवडेल का. हा फोन पालकांनी करू नये असं मी सांगते, कारण पालकांशी ॲडमिशनवाले तोलून मापून बोलतात. शाळेच्या माणसाशी थोडं मोकळं बोलतात, त्यांना एकमेकांशी दरवर्षी काम पडतं.

आता पैशांचं, कारण इथे बरेच जण अंधारात असतात. नावाजलेल्या शाळांत बोर्डिंगच्या मुलांची वर्षाची फी आता ७० हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याच्याही वर आहे. म्हणून आर्थिक मदतीचा अर्ज करणारी घरं खूप असतात. घरची ऐपत न बघता प्रवेश देणाऱ्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमीचं हे धोरण बऱ्याच वर्षांपासून आहे, फिलिप्स एक्सेटरने ते २०२१ मध्ये जाहीर केलं. बाकी बहुतेक शाळांची मदतीची रक्कम ठरलेली असते आणि ती मार्चच्या होकारांमध्येच वाटली जाते. वेटलिस्टवरून बोलवायची वेळ येते तेव्हा तिजोरीत फारसं काही उरलेलं नसतं. तुम्ही मदत मागितली असेल तर तुमची शक्यता कमी आहे हे गृहीत धरा. काही पालक विचारतात, "आता कळवू का, की मदत नको, पूर्ण फी भरतो?" खरोखर भरता येणार असेल, चारही वर्षं, घर गहाण न टाकता, तर जरूर कळवा, त्याने फरक पडू शकतो. "आधी आत जाऊ, पुढच्या वर्षी मदत मागू" असा बेत असेल तर कळवू नका. पहिल्या वर्षी मदत न घेतलेल्या मुलांना काही शाळा पुढची एक-दोन वर्षं मदतीसाठी विचारातच घेत नाहीत. हा नियम शाळेच्या मदतीविषयीच्या पानावर लिहिलेला असतो, तो शोधून वाचा.

आता पत्र. आधी पोर्टलमध्ये, म्हणजे शाळेच्या वेबसाइटवरच्या तुमच्या अर्जाच्या खात्यात जाऊन वेटलिस्टवर राहायचंय हे कळवा. बऱ्याच शाळांत हे तुम्हीच कळवावं लागतं, आपोआप धरलं जात नाही, आणि पत्राच्या नादात लोक हे बटण दाबायचं विसरतात. त्यानंतर पत्र. ते मुलीने लिहायचं, तिच्या इंटरव्ह्यू घेणाऱ्या व्यक्तीच्या नावाने, एका पानाच्या आत.

पहिला कच्चा मसुदा जवळजवळ नेहमी या वळणाचा असतो: "तुमची शाळा सर्वोत्तम शाळांपैकी एक आहे. तिथे शिकणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. मला संधी दिलीत तर मी तिचं सोनं करीन." यात चुकीचं काही नाही, पण हे पत्र कोणत्याही मुलीने कोणत्याही शाळेला पाठवावं असं आहे. वाचणारा ते दहा सेकंदांत बाजूला ठेवतो. आता हे बघा: "इंटरव्ह्यूत मी तुम्हाला शेवाळाच्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. तो फेब्रुवारीत फसला. पाणी बदलून पाहिलं तरी सगळं शेवाळ पिवळं पडलं. आमच्या बाईंचं म्हणणं, प्रकाश जास्त होतोय. म्हणून आता अर्ध्या बरण्या खिडकीपासून लांब ठेवल्यात आणि रोज संध्याकाळी फोटो काढतेय. तुमच्या शाळेतल्या तळ्याचं पाणी दर आठवड्याला तपासतात असं मला भेटीच्या दिवशी कळलं होतं. ते काम मला करायला आवडेल." हे वाचल्यावर ऑफिसातल्या माणसाला ती मुलगी आठवते. पत्राचं काम तेवढंच: बैठकीत तिचं नाव निघालं तर कोणीतरी "हो, ती बरण्यांवाली" असं म्हणावं. प्रयोग यशस्वी झालाय की फसलाय याने काही बिघडत नाही.

शेवटी एक वाक्य, खरं असेल तरच: "जागा मिळाली तर मी नक्की येईन." हे वाक्य शाळेला फार मोलाचं असतं, कारण त्या दिवसांत त्यांना पुन्हा अंदाज बांधायचा नसतो, नक्की येणारी मुलगी हवी असते. म्हणूनच ते एकाच शाळेला लिहायचं. तिन्ही शाळांना लिहाल तर तो खोटेपणा आहे, आणि या शाळांतली माणसं एकमेकांना चांगली ओळखून असतात.

पत्र निकालानंतर आठवडा-दहा दिवसांत जावं. तिमाहीचे मार्क आले आणि ते चांगले असले तर एप्रिलच्या मध्यावर चार ओळींचा दुसरा मेल करा. तिसरा नको. आईला हे पटणार नाही, मला कल्पना आहे. पण दर आठवड्याच्या मेलने शाळेला तुमची कळकळ दिसत नाही, पुढची चार वर्षं हे पालक असेच वागतील एवढंच दिसतं. एसएसएटी ही प्रवेशपरीक्षा पुन्हा देण्यातही अर्थ नाही; २४०० पैकी शंभर गुण वाढले म्हणून मुलींच्या डॉर्ममध्ये पलंग निर्माण होत नाही. नवीन शिफारसपत्रं, ओळखीच्या बड्या माणसाचा फोन, न कळवता कॅम्पसवर जाऊन धडकणं, भेटवस्तू, यांतलं काहीही करू नका.

इथवरचं काम दोन संध्याकाळींचं आहे. खरं अवघड काम घरातलं.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे. तिने कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच निबंध लिहून, इंटरव्ह्यू देऊन, अनोळखी माणसांपुढे "मला घ्या" म्हटलंय. ११ मार्चला ती शाळेत गेली तेव्हा कोणाला कुठे मिळालं हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. नकार मिळाला असता तर ती रडली असती आणि आठवड्याभरात सावरली असती. वेटलिस्टमध्ये रडायचं की आशा धरायची हेच कळत नाही, आणि मोठी माणसंही तिला रोज वेगवेगळं सांगत असतात. सकाळी आई म्हणते "होईल गं, बघ तू", रात्री बाबा म्हणतात "सोड आता". तिने कोणाचं ऐकायचं? म्हणून तुम्ही दोघांनी आधी आपसात ठरवा आणि मग तिच्याशी एकच बोला. माझ्या मते ते वाक्य असं असावं: "त्यांच्याकडून बोलावणं येण्याची शक्यता कमी आहे. आपण एक पत्र पाठवू आणि ज्या शाळेने तुला हो म्हटलंय तिथे जायची तयारी करू. फोन आलाच तर तेव्हा बसून ठरवू."

"त्यांचंच नुकसान" म्हणू नका, तिला ते खोटं आहे हे कळतं. "जे होतं ते भल्यासाठीच" हेही नको. आणि "तुझा इंटरव्ह्यू जरा कमीच पडला असेल" हे तर चुकूनही नको. वर सांगितलेला पलंगांचा हिशेब मात्र तिला जरूर सांगा. या वयाच्या मुलांना पोकळ धीरापेक्षा आकडेमोड जास्त पटते. मी मुलांना कागदावर डॉर्मचे चौकोन काढून दाखवते: या खोल्या भरलेल्या, या बारावीच्या मुली जाणार, म्हणून एवढ्या रिकाम्या. बरीच मुलं तो कागद बघून पहिल्यांदा नीट श्वास घेतात.

नातेवाइकांचे फोन येतील. त्यांना काय सांगायचं हे तिला विचारून ठरवा. "एका शाळेत मिळालंय, एका ठिकाणचं अजून कळायचंय" एवढं पुरतं. सगळ्या मावश्या-आत्यांना वेटलिस्ट समजावत बसायची गरज नाही, आणि तिच्या देखत तर मुळीच नाही. पोर्टल रोज उघडून बघणंही थांबवा. वेटलिस्टवरून बोलावणं आलं तर बहुतेक शाळा फोनच करतात. घरात पोर्टल बहुतेक वेळा पालकच उघडत असतात, मुली नव्हे, हा माझा अनुभव.

आता ज्या शाळेने हो म्हटलंय तिच्याविषयी. पालकांच्या पत्रांत तिचा उल्लेख हमखास "फक्त एका ठिकाणी मिळालं" असा येतो. मुलगी तो "फक्त" ऐकत असते. एप्रिलच्या सुरुवातीला या शाळा होकार मिळालेल्या मुलांना दिवसभरासाठी बोलावतात. तिथे जा, आणि आवडत्या शाळेशी तुलना करायला जाऊ नका. तिला दोन तास वर्गात बसू द्या, जेवायला मुलींच्या टेबलावर एकटीला बसू द्या. नववीतल्या एखाद्या मुलीला विचारायला सांगा की रविवारी दुपारी तुम्ही काय करता, कोणाशी भांडण झालं तर कोणाकडे जाता, आजारी पडलीस तेव्हा काय झालं. बोर्डिंगचं आयुष्य या प्रश्नांच्या उत्तरांत कळतं, माहितीपत्रकात नाही. परत येताना गाडीत तिला लगेच "कशी वाटली?" विचारू नका. ती आपणहून बोलली तर बरंच काही समजेल.

तिथेही जावंसं वाटलं नाही, तर घरी राहून नववी करणं हा सरळ, चांगला पर्याय आहे. पुढच्या वर्षी दहावीसाठी पुन्हा अर्ज करता येतो. काही मुलं नववीच पुन्हा करण्यासाठी अर्ज करतात. या शाळांत ते सर्रास चालतं, त्यात कमीपणा मानत नाहीत. ज्यांना कुठूनच होकार आलेला नाही त्यांनी लक्षात ठेवावं की १० मार्चची तारीख सगळ्या शाळा पाळत नाहीत. जागा भरेपर्यंत अर्ज घेणाऱ्या बोर्डिंग स्कूल बऱ्याच आहेत आणि एप्रिल-मे मध्येही तिथे अर्ज करता येतो.

डिपॉझिट भरण्याआधी करार वाचा, विशेषतः एक तारीख. डिपॉझिट म्हणून भरलेले पैसे परत मिळत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बऱ्याच करारांत आणखी एक कलम असतं: अमुक तारखेनंतर, साधारण उन्हाळ्यात कधीतरी, तुम्ही माघार घेतलीत तर पूर्ण वर्षाची फी देणं लागता. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीच तुमच्या वेटलिस्टची शेवटची तारीख समजा. आवडती शाळा त्याच्या आत बोलावत असेल तर डिपॉझिट बुडवून जाण्याचा विचार होऊ शकतो, त्यानंतर जवळजवळ नाहीच. तारीख उलटली की आवडत्या शाळेला दोन ओळींचा मेल करून नाव काढून घ्या.

मुलगी भारतातून जाणार असेल तर वेळ आणखी कमी. व्हिसासाठी आय-२० हा कागद शाळा देते, तो ज्या शाळेत प्रत्यक्ष जायचंय तिचाच लागतो, मग सेविस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीसाठी अमेरिकी सरकारला भरायची रक्कम, मग व्हिसाच्या मुलाखतीची तारीख. जुलैत बोलावणं आलं तर हे सगळं शाळा उघडण्याआधी बसवणं अवघड होतं. भारतातल्या पालकांना मी जूनअखेरची मर्यादा घालून घ्यायला सांगते.

फोन आलाच, तर बहुधा १० एप्रिलनंतरच्या पंधरवड्यात येईल, नाहीतर कोणी आयत्या वेळी गळलं म्हणून उन्हाळ्यात. उत्तरासाठी एक-दोन दिवस मिळतात, क्वचित त्याहून कमी. फोनवर आनंदाच्या भरात हो म्हणून टाकू नका. विचारा: जागा बोर्डिंगचीच आहे ना, इयत्ता तीच ना, मदत मिळणार आहे का आणि किती, लेखी कधी मिळेल, उत्तर किती वाजेपर्यंत हवंय. मग फोन ठेवून मुलीला विचारा. एप्रिलमध्ये जिच्यासाठी ती रडली ती शाळा जूनमध्ये तिला नको असू शकते, कारण तोपर्यंत दुसऱ्या शाळेतल्या रूममेटशी तिचं रोज बोलणं सुरू झालेलं असतं. तसं असेल तर तिला "पण तुलाच तर हवी होती ना?" म्हणून कोंडीत पकडू नका. तिचं उत्तर नाही असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेला फोन करून कळवा, मेलवर टाकून ठेवू नका. त्यांना पुढच्या घरी फोन करायचा असतो.